सरासरीत हरवलेला वायू

शालेय गणितातील सांख्यिकीच्या प्रकरणाबद्दल शिक्षकांची सहसा तक्रार नसते. प्रकरण सोपे असते, सूत्रे मोजकी असतात आणि परीक्षेत गुण हमखास मिळतात. आमची तक्रार नेमकी याच सोपेपणाबद्दल आहे. या प्रकरणात विद्यार्थी आकड्यांची बेरीज करतो, भागाकार करतो, वर्गांतरांचा तक्ता आखतो, मध्य, मध्यक आणि बहुलक काढतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो. एवढ्या खटाटोपात आकड्यांकडे नीट पाहण्याची वेळ त्याच्यावर एकदाही येत नाही.

पुस्तक कोणतेही घ्या, उदाहरणांचा साचा साधारण एकच असतो. एका कारखान्यातील कामगारांची मजुरी, एका वर्गातील मुलांचे गुण, एका बागेतील झाडांची उंची. हे आकडे कोणी मोजले, कशाने मोजले, का मोजले, याचा पत्ता नसतो. ते उत्तर नीट यावे म्हणून बेतलेले असतात. टोकाच्या आकड्यामुळे मध्य सरकतो असे एखादे वाक्य पुस्तकात असतेही. पण त्या वाक्यावर प्रश्न येत नाही, म्हणून ते वाचले जात नाही. मध्य काढण्याच्या तीन तीन रीती मात्र घोटून घेतल्या जातात. गृहीत मध्याची रीत ही हाताने आकडेमोड करण्याच्या काळातली श्रम वाचवण्याची युक्ती आहे. युक्ती म्हणून ती सुंदर आहे आणि ती शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण श्रम वाचवून जो वेळ हाती आला, तो कशासाठी वापरायचा, हे प्रकरणात कुठेच येत नाही.

टीका करायची तर ती कसोटीला लावून करावी. म्हणून हे प्रकरण आपण एका खऱ्या प्रयोगाच्या खऱ्या आकड्यांवर चालवून पाहू.

पंधरा आकडे

इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. काचेचा एक मोठा गोल निर्वात करायचा, ठरावीक तापमानाला आणि दाबाला त्यात वायू भरायचा आणि आत मावलेल्या वायूचे वजन करायचे, अशी त्यांची रीत होती. १८९३ च्या अखेरीपासून १८९४ च्या सुरुवातीपर्यंत त्यांनी नायट्रोजन भरून केलेली पंधरा वजने, ग्रॅममध्ये आणि केलेल्या क्रमाने, अशी आहेत:

२.३०१४३, २.२९८१६, २.३०१८२, २.२९८९०, २.३१०१७, २.३०९८६, २.३१०१०, २.३१००१, २.२९८८९, २.२९९४०, २.२९८४९, २.२९८८९, २.३१०२४, २.३१०३०, २.३१०२८.

आता आपला दहावीचा हुशार विद्यार्थी काय करील ते पाहा. सगळ्यांची बेरीज करून १५ ने भागले की मध्य येतो २.३०४४६. चढत्या क्रमाने लावून आठवा आकडा घेतला की मध्यक येतो २.३०१८२. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरक, म्हणजे विस्तार, ०.०१२१४. विद्यार्थी अकरावीचा असेल तर तो प्रमाण विचलनही काढील. प्रत्येक आकडा मध्यापासून किती दूर आहे ते घ्यायचे, त्याचे वर्ग करायचे, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. ते येते सुमारे ०.००५४. एक टक्क्याचा चौथा हिस्सादेखील नाही! एवढ्या कमी विचलनाचे आकडे पाहून कोणताही परीक्षक खूश होईल. काम संपले.

पण जरा थांबू. वजने २.३०४४६ च्या आसपास आहेत असे आपण म्हणालो. त्या आसपास आहे कोण? पंधरा आकडे पुन्हा पाहावेत. २.३०१८२ नंतर एकदम २.३०९८६ येतो. मधल्या पट्ट्यात एकही आकडा नाही आणि आपला मध्य नेमका त्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन बसला आहे. ज्या वजनाच्या जवळपासही एकही माप आले नाही, ते वजन आपण सर्व मापांचे प्रतिनिधी म्हणून निवडून दिले.

वर्गीकृत तक्ता केला तर काय होते तेही पाहू. ०.००५ चे वर्ग घेऊन २.२९५ पासून सुरुवात केली तर चार वर्गांच्या वारंवारता ६, २, १, ६ अशा येतात. सूत्राने काढलेला मध्यक २.३०३७५ येतो, म्हणजे तोही आता रिकाम्या पट्ट्यात शिरतो. बहुलकाचे सूत्र तर अडूनच बसते, कारण सर्वाधिक वारंवारतेचे वर्ग दोन आहेत आणि ते दोन विरुद्ध टोकांना आहेत. असे उदाहरण पुस्तकात आले तर आपण छपाईची चूक समजून सोडून देऊ. खरे तर त्या तक्त्यात सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे. ६, २, १, ६ या वारंवारतांचा आयतालेख मधे खोलगट आणि दोन्ही बाजूंना उंच असा येतो. एकाच वायूचे एकाच गोलात केलेले वजन असे दोन ढिगांत का पडावे?

ढीग दोन, कारण एक

याचे उत्तर आकड्यांत नाही, आकड्यांच्या शेजारी लिहिलेल्या नोंदीत आहे. रॅले यांनी प्रत्येक वजनापुढे तो नायट्रोजन कुठून आणला हे लिहून ठेवले होते. सात वेळा त्यांनी तो हवेतून मिळवला होता, म्हणजे हवेतील ऑक्सिजन काढून टाकून उरलेला वायू घेतला होता. आठ वेळा तो नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड किंवा अमोनियम नायट्राइट या संयुगांपासून तयार केला होता. आता आकडे या दोन गटांत मांडा.

हवेतून मिळवलेला: २.३०९८६, २.३१००१, २.३१०१०, २.३१०१७, २.३१०२४, २.३१०२८, २.३१०३०. मध्य २.३१०१४.

संयुगांपासून मिळवलेला: २.२९८१६, २.२९८४९, २.२९८८९, २.२९८८९, २.२९८९०, २.२९९४०, २.३०१४३, २.३०१८२. मध्य २.२९९५०.

हवेचा सर्वांत हलका नायट्रोजनसुद्धा संयुगांच्या सर्वांत जड नायट्रोजनपेक्षा जड आहे. दोन मध्यांतला फरक ०.०१०६४ ग्रॅम आहे. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही थोडा कमी आहे. पण हवेच्या गटातील सातही मापे एकमेकांपासून ०.०००४४ ग्रॅमच्या आत आहेत. दोन गटांतले अंतर या विस्ताराच्या चोवीस पट आहे. येथे विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून द्यायची गोष्ट ही, की फरक लहान की मोठा हे फरकावरून ठरत नाही; आपल्या मापांत स्वतःचा चढउतार किती आहे, त्यावरून ते ठरते. विस्तार आणि विचलन शिकायचे ते यासाठी. एरवी ती आणखी दोन सूत्रे, एवढेच.

रॅले यांना ही विसंगती आधीच जाणवली होती. सप्टेंबर १८९२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांकडे मदत मागितली होती. त्या वेळी फरक सुमारे हजारात एक एवढाच होता. अमोनियाच्या रीतीने बनवलेल्या त्यांच्या नायट्रोजनमध्ये बराचसा भाग हवेतूनच आलेला होता, म्हणून फरक लहान दिसत होता. रॅले यांनी हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन वापरला, तेव्हा फरक वाढून दोनशेत एक या घरात गेला. आमच्या मते या प्रयोगातली शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. विसंगती दिसली तेव्हा त्यांनी ती झाकली नाही, सरासरी घेऊन पुसली नाही. ती आणखी मोठी कशी होईल ते पाहिले.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. विल्यम रॅम्झी हे रसायनशास्त्रज्ञ या शोधात सामील झाले. हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये आणखी एक जड, कशाशीही संयोग न पावणारा वायू मिसळलेला आहे, हे ऑगस्ट १८९४ मध्ये जाहीर झाले. ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला आर्गॉन हे नाव मिळाले. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हवेत आर्गॉन सुमारे ०.९३ टक्के आहे. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गात तो सुमारे पावणेदोन घनमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसतराशे लिटर असतो. एवढा वायू प्रत्येक खोलीत भरलेला असून तो शंभर वर्षांहून अधिक काळ निसटत राहिला होता. कारण १७८५ मध्येच हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी जोडून शोषून घेतला, तेव्हा शेवटी एक लहानसा बुडबुडा काही केल्या शोषला गेला नाही. तो मूळ वायूच्या एक शतांश विसांशाहून, म्हणजे १/१२० हून जास्त नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. बुडबुडा फेकून दिला तरी नोंद फेकली नाही, म्हणून शतकानंतर ती उपयोगी पडली.

नियमाने पकडला जाणारा आणि न जाणारा

इतर आकड्यांपासून फटकून असलेल्या आकड्याला इंग्रजीत आउटलायर म्हणतात. आम्ही येथे त्याला ‘फटकून असलेला आकडा’ असेच म्हणू. असा आकडा ओळखण्यासाठी काही नियम वापरले जातात. अलीकडे उत्साही शिक्षक ते शिकवतातही. हे चांगलेच आहे. पण नियमही सूत्रासारखाच डोळे मिटून वापरला तर काय होते, ते पाहिले पाहिजे.

सर्वांत लोकप्रिय नियम असा: मध्यापासून तीन प्रमाण विचलनांहून दूर असलेला आकडा संशयास्पद मानावा. समजा, वर्गातल्या दहा मुलांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घेतली: १४८, १५१, १५२, १५०, १४९, १५३, १४७, १५५, १५० आणि १५.२. शेवटच्या आकड्यात दशांश चिन्ह चुकून पडले आहे, हे पाचवीतले पोरही सांगेल. या दहा आकड्यांचा मध्य १३७.०२ येतो, म्हणजे बाकीच्या नऊही मुलांपेक्षा कमी! प्रमाण विचलन ४०.६७ येते. मध्यातून त्याची तिप्पट वजा केली की खालची मर्यादा १५.०२ येते. आपला आकडा १५.२ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. नियमाच्या दृष्टीने पंधरा सेंटिमीटरचे मूल अगदी ठीक आहे.

हा योगायोग नाही. फटकून असलेला आकडा मध्याला स्वतःकडे ओढतो आणि प्रमाण विचलनही फुगवतो, म्हणजे ज्या फूटपट्टीने त्याला मोजायचे तीच तो ताणून ठेवतो. भागाकार आकड्यांच्या संख्येने केला, तर दहा आकड्यांच्या संचात कोणताही आकडा मध्यापासून तीन प्रमाण विचलनांहून दूर जाऊच शकत नाही, हे सिद्ध करता येते. सर्वसाधारणपणे संख्या न असेल तर ही मर्यादा न वजा एकच्या वर्गमुळाएवढी असते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही सिद्धता करायला द्यावी. बीजगणिताचा चांगला व्यायाम होतो.

अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी दुसरा नियम सुचवला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे आकड्यांचे सूत्रात रूपांतर करण्याआधी त्यांची चित्रे काढून पाहण्याची पद्धत रुजली. आकडे चढत्या क्रमाने लावायचे. खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक आणि वरच्या अर्ध्या भागाचा मध्यक काढायचा. हे दोन चतुर्थक. त्यांतील अंतराच्या दीडपट खाली आणि दीडपट वर अशी कुंपणे घालायची. कुंपणाबाहेरचा आकडा तपासायचा. आपल्या उंचीच्या उदाहरणात चतुर्थक १४८ आणि १५२ येतात, त्यांतील अंतर ४, दीडपट ६. म्हणून कुंपणे १४२ आणि १५८ वर. १५.२ लगेच बाहेर पडतो. यात वर्गमूळ नाही, गणकयंत्र नाही. मध्यक काढता येणाऱ्या नववीच्या मुलालाही हे जमेल, कारण मध्यकच तीनदा काढायचा आहे.

मग हा नियम पाठ्यपुस्तकात घातला की आमची तक्रार मिटेल का? नाही मिटणार. हाच नियम रॅले यांच्या पंधरा आकड्यांना लावा. चतुर्थक २.२९८८९ आणि २.३१०१७. अंतर ०.०११२८, त्याची दीडपट ०.०१६९२. कुंपणे २.२८१९७ आणि २.३२७०९ वर पडतात. सगळेच्या सगळे आकडे कुंपणात! प्रमाण विचलनाचा नियम लावला, तोही तीनऐवजी दोनच पट घेऊन, तरीही सगळे आत. दोन्ही नियमांच्या मते या आकड्यांत काहीही विशेष नाही. आर्गॉन दोन्ही चाळण्यांतून निसटतो. तो दिसतो कुणाला, तर ज्याने एक आडवी रेघ आखून तिच्यावर पंधरा ठिपके मांडले त्याला. आणि तो समजतो कुणाला, तर ज्याने प्रत्येक ठिपक्याशेजारी वायू कुठून आणला ते लिहिले त्याला.

म्हणून आमचा आक्षेप सूत्रे कमी आहेत असा नाही. मांडणे, पाहणे, विचारणे या क्रमाला प्रकरणात जागा नाही, असा आहे.

खरा असलेला विचित्र आकडा

फटकून असलेला आकडा दिसला की ‘हा वगळा’ म्हणणारे जसे असतात, तसे ‘मध्यक वापरा, त्याच्यावर परिणाम होत नाही’ असे म्हणणारेही असतात. मध्यकाचा हा गुण खराच आहे. पण गुण आणि अडचण ही कधी कधी एकच गोष्ट असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जवळपास सबंध जुलै महिन्याचा पाऊस एका दिवसात पडला. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या पावसाचा सारांश म्हणून या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ५०८ मिलिमीटर येते. असा पाऊस त्या दिवशी या दोन्ही ठिकाणी पडला नव्हता. रॅले यांच्या मोकळ्या पट्ट्यातल्या मध्याचे हे भावंड आहे.

आता सांताक्रूझच्या त्या जुलै महिन्यातील ३१ दिवसांचे आकडे घेतले आणि ९४४ च्या जागी चुकून ९४ लिहिले, तर मध्यक तसूभरही हलणार नाही. मध्य मात्र दिवसाला सुमारे २७ मिलिमीटरने उतरेल. ‘नेहमीचा दिवस कसा असतो’ हा प्रश्न असेल तर मध्यकाचे हे स्थैर्य हवेच आहे. पण पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे केवढी बांधायची हा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर त्या एका आकड्यात आहे, उरलेल्या तीस आकड्यांत नाही. ज्यांची घरे मिठी नदीच्या काठी होती, त्यांच्या दृष्टीने त्या महिन्याचा सारांश म्हणजे तो एकच दिवस होता. कोणता सारांश योग्य, हे आकडे ठरवत नाहीत. आपला प्रश्न ठरवतो. ‘मध्य, मध्यक व बहुलक काढा’ या सरधोपट आज्ञेत प्रश्नच विचारलेला नसतो.

या संदर्भात ओझोनच्या छिद्राची गोष्ट शिक्षकांच्या बैठकांतून नेहमी सांगितली जाते. अमेरिकेच्या उपग्रहाने अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विलक्षण कमी आकडे टिपले होते, पण संगणकाला ते अशक्य वाटून त्याने फेकून दिले आणि म्हणून शोधाचे श्रेय ब्रिटिशांना गेले, अशी ती गोष्ट. गोष्ट चटकदार आहे, पण घडले ते थोडे वेगळे. उपग्रहाच्या आकड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या प्रणालीत १८० डॉबसन एककांपेक्षा कमी आकड्यांवर संशयाची खूण केली जात असे. आकडे फेकले जात नसत, जपून ठेवले जात. खुणा केलेले आकडे वाढू लागले तेव्हा शास्त्रज्ञांचे त्यांकडे लक्षही गेले होते. पण पडताळणीसाठी दक्षिण ध्रुवावरच्या स्थानकाचे आकडे पाहिले, तर ते नेहमीसारखे ३०० च्या आसपास होते, आणि नंतर ते ध्रुवावरचे आकडेच चुकीचे ठरले. दरम्यान हॅली बे येथील ब्रिटिश स्थानकात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी आपलेच उपकरण बिघडले नसेल ना, या शंकेने नव्या उपकरणाने मोजून खात्री केली आणि मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्टोबर महिन्यातील ओझोन १९६० च्या दशकातील सुमारे ३०० एककांवरून १९८४ पर्यंत २०० च्या जवळ आला होता.

खरी हकीकत चटकदार गोष्टीपेक्षा अधिक शिकवते. संशयाची खूण करणे चूक नव्हते. तेच योग्य होते. ‘नेहमीसारखा’ दिसणारा आकडा चुकीचा आणि ‘अशक्य’ दिसणारा आकडा बरोबर, असेही होऊ शकते. आणि खूण केलेला आकडा जपून ठेवला असेल तरच त्याच्याकडे परत जाता येते.

वर्गात काय करता येईल

अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता शिक्षक एका तासात काय करू शकतील, ते सुचवून आम्ही थांबतो.

पहिले, प्रकरणाची सुरुवात सूत्राने न करता मोजमापाने करावी. वर्गातील प्रत्येकाने एकच वस्तू, उदाहरणार्थ फळ्याची लांबी, आपापल्या पट्टीने मोजावी आणि आकडा न बघता, न विचारता चिठ्ठीवर लिहावा. फळ्यावर रेघ आखून सर्व चिठ्ठ्यांचे ठिपके मांडावेत. ठिपके पाहून मुलांनी आधी तोंडी सांगावे: गर्दी कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे, एकटा कोण आहे. मग मध्य आणि मध्यक काढून त्याच रेघेवर बाणाने दाखवावेत. बाण गर्दीत पडला की मोकळ्या जागेत, हे सगळ्यांना दिसेल.

दुसरे, एकट्या ठिपक्याला तीन प्रश्न विचारावेत. लिहिताना किंवा मोजताना चूक झाली का? उंचीच्या यादीतला १५.२ असा आहे. चूक सापडली तर दुरुस्त करावी आणि दुरुस्त केल्याची नोंद ठेवावी. आकडे दोन वेगळ्या गटांचे आहेत का? कुणी लाकडी पट्टीने मोजले, कुणी कापडी टेपने? रॅले यांचे आकडे असे होते. आणि चूकही नाही, गटही एकच, तर मग आकडा खराच आहे का? सांताक्रूझचा ९४४ असा आहे. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत आकडा खोडू नये. त्याच्याभोवती वर्तुळ काढावे.

तिसरे, आणि आम्हाला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. विज्ञानाची प्रयोगवही आणि गणितातील सांख्यिकी यांची गाठ घालून द्यावी. लंबकाच्या प्रयोगात दहा वाचने घेतली, त्यांतले एक बाकीच्यांशी जुळले नाही, की मुले ते खोडतात आणि शेजाऱ्याचे लिहितात. पुष्कळदा तर अपेक्षित उत्तरावरून उलटे गणित करून वाचने ‘तयार’ केली जातात. वही स्वच्छ दिसते, गुण पूर्ण मिळतात आणि विज्ञान तेथेच संपते. याचा दोष मुलांना देणे सोपे आहे. पण सगळी वाचने जुळलीच पाहिजेत हे त्यांना कोणी शिकवले? न जुळलेले वाचन वर्तुळ करून ठेवणाऱ्या आणि त्याखाली ‘दोरा घसरला असावा, पुन्हा मोजले’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण आपण कापतो की वाढवतो, यावर पुढच्या वह्या ठरतात.

वेळ नाही, वर्गात साठ मुले आहेत, परीक्षेत हे विचारत नाहीत, या अडचणी खऱ्या आहेत. पण ठिपके मांडायला तास लागत नाही आणि मध्यकासाठी आकडे चढत्या क्रमाने लावावेच लागतात. तेवढ्यातच निम्मे काम झालेले असते. घटक चाचणीत नेहमीचाच प्रश्न ठेवून त्याला एका ओळीची जोड द्यावी: ‘हे उत्तर या आकड्यांचे खरे वर्णन करते का? का?’ त्या ओळीला एक गुण ठेवावा. आणि वर्षातून एकदा रॅले यांचे पंधरा आकडे, कुठलीही हकीकत न सांगता, फळ्यावर लिहावेत. बहुतेक मुले बेरीज करू लागतील. एखादी मुलगी हात वर करून विचारील, ‘सर, हे आकडे दोन ठिकाणी का जमलेत?’ तिला लगेच उत्तर देऊ नये. वायू कुठून आणला होता त्याची यादी तिच्या हातात द्यावी.